मीटरचा लाल दिवा

आमगाव, मंगळवार, संध्याकाळ

लेक वैशालीचा तो काळा डबा, ती त्याला सर्व्हर म्हणते, रात्रंदिवस चालू असतो. आसपासच्या लग्नांचे फोटो ती त्यात जपते, तिचे पोटच त्यावर आहे. तरी बिल वाढले म्हणून आठवडाभर मी मागे लागलो होतो, बंद कर.

आज ती चिडली. घरातले सगळे बंद करून मला मीटरपुढे उभे केले. आधी एकटा डबा लावला. मीटरचा लाल दिवा सावकाश लुकलुकत राहिला. मग माझ्या आंघोळीच्या बादलीत पाणी तापवायचा रॉड लावला. दिवा नुसता नाचू लागला!

"बाबा, चोर सापडला न जी!"

आतून ही ओरडली, "पानी तापवता, पेपर वाचत बसता, थंड झालं का पुन्हा तापवता! कवाची सांगून राहिली, चुलीवर ठेवा!"

लाज वाटली, पण हसू जास्त आले. डबा बंद झाला असता तर पोरीचे काय झाले असते? बिलाला मी कशाला इतका घाबरतो?

मीटर पुन्हा पाहून आलो. लाल दिवा शांतपणे लुकलुकतो आहे. डब्यावरची धूळ माझ्या खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसली. उद्या पाणी चुलीवर, आणि पेपर आंघोळीनंतर.