गप टॅपेट

जळकोट,
१२ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप कल्याणप्पा मामांना शिवप्रियाचा शरणू शरणार्थ.

इकडं सगळं ठीक. हरभरा चांगला उगवलाय, आईचे गुडघे तिच्या मर्जीनं चालतात आणि गॅरेज जोरात आहे. फोन केला की तुम्ही तो मामींच्या हातात देता, म्हणून हा कागद. शेजारचा बब्रुवान उद्या तुमच्या सास्तूरला येतोय, त्याच्याकडं देते.

दिग्विजयच्या रेसच्या गाडीचं इंजिन परत माझ्याच टेबलावर आहे. नवा कॅमशाफ्ट टाकायचाय. दिग्विजय हायड्रॉलिक टॅपेटसाठी हट्ट धरून बसला होता. "ताई, तेलाच्या दाबानं टॅपेट-व्हॉल्व्हमधला गॅप आपोआप भरतो. मापाच्या पट्ट्या घालून टॅपेट लावायची कटकट न्हाय, टिकटिक न्हाय. आन् आता मामा बी न्हाईत ऐकायला."

मी म्हणाले, सॉलिडच, हातानं गॅप लावायचे. इंजिन जोरात फिरवलं की हायड्रॉलिकचा दम तुटतो. सॉलिडचा गॅप दर रेसनंतर तपासावा लागतो, मान्य, पण गाडी शेवटपर्यंत ओढते. सात वर्षं तुमच्या हाताखाली काढलीत, एवढं तर मला कळतं.

मामी सांगत होत्या, हल्ली कुणी हाक मारली तरी तुम्ही विचारता, "मला म्हनला का?" रस्ता ओलांडताना त्यांचा हात धरता म्हणे. हे ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

तर आता खरं लिहिते. मागच्या रेसच्या आदल्या दिवशी मी इंजिन चालू केलं, तेव्हा तुम्ही बाकड्यावरूनच म्हणालात, "प्रिये, बाकीचे टिकटिकतात, एक टॅपेट गप हाय. घट्ट बसलाय. खोल कव्हर." मी चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "मी स्वतः मोजलंय. तुम्हाला आता कमी ऐकू येतंय मामा." तुम्ही अर्धा चहा तसाच ठेवलात.

गाडी रेसमध्ये बंद पडली. इंजिन मी एकटीनंच उघडलं. तीन नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला मी जाड पट्टीऐवजी चुकून इनटेकची पातळ पट्टी लावली होती. गॅप कमी पडला, तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटेना आणि जळाला. सगळ्यांना सांगितलं मात्र, कार्ब्युरेटरचा जेट चोंदला होता. तुम्ही म्हणालात, "मग माझाच कान गेला," आणि तुमचे पाने-पक्कड फडक्यात बांधून निघालात. मी अडवलं नाही. बाईच्या गॅरेजला लोक नावं ठेवतील, याची भीती वाटली. मला लाज वाटते मामा.

हायड्रॉलिक टाकला असता तर कुणाच्या कानाची गरज उरली नसती आणि हे लिहायची वेळही आली नसती. मोह झाला होता. पण काल दिग्विजयला आणि त्या चौघा गिऱ्हाइकांना बोलावून सगळं सांगितलं. दिग्विजय म्हणाला, "सॉलिडच टाका. पर मामांनी ऐकल्याबिगर म्या गाडी न्हेत न्हाय."

रविवारी सकाळी दहाला ते सगळे येणार आहेत. गॅप मी लावीन, दोनदा मोजून. बाकडं होतं तिथंच आहे. तुम्ही ऐका. "खोल" म्हणालात तर त्यांच्यासमोर कव्हर खोलीन. तुम्ही आला नाहीत तर मी चावी फिरवणार नाही.

तुमचा धडधाकट कान खोटा पाडणारी,
आणि आता त्याच्याच भरवशावर असलेली
शिवप्रिया