अकरा पात्यांवरची सही

५ मार्च २००१, सोमवार
आज कामावर रुजू झाले. गोखिवऱ्याचं वर्कशॉप, वीजकेंद्रांतल्या गॅस टर्बाइनची पाती दुरुस्त करणारं. मालक आलोशियस सरांनी स्वतः सगळीकडे फिरवलं, घरच्या वाडीतली सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी, खायला दिली. तपासनीस म्हणून इथे मी एकटीच.

पातं तळहाताएवढं, अंगावर सुईच्या टोकाएवढी भोकं. यंत्रात त्याच्यावर येणारा वायू इतका तापलेला असतो की धातू वितळावा. पण भोकांतून थंड हवा निघते आणि पात्यावर पातळ पदरासारखी पसरते. त्या पदराआड पातं तगतं. भोक बुजलं की तेवढी कातडी उघडी पडते, असं थॉमसकाका म्हणाले. ते इथले सर्वांत जुने कारागीर. तपासायला भोकांतून पाणी सोडायचं. धार आली नाही तर पातं बाद. "पानी खोटं बोलत नाय, बाय," म्हणाले.

मनवेलपाड्याची खोलीही उजेडाची मिळाली. संध्याकाळी पायच जमिनीवर नव्हते.

९ मार्च, शुक्रवार
ऐंशी पात्यांपैकी अकरांत मधल्या ओळीतून धारच नाही. पुन्हा भोकं पाडायला आठवडा लागेल. सर म्हणाले, ट्रक दारात उभा आहे, एवढ्यातेवढ्यानं काही होत नाही, पाती ठीक असल्याच्या दाखल्यावर सही कर. नाही म्हणायला हवं होतं. चार दिवसांची नोकरी. केली सही. काका बघत होते. उठून हात धुवायला गेले.

१४ मार्च, बुधवार
डबा खाताना उजव्या दंडाला चटका बसला. बाही वर केली तर बारीक लाल ठिपके, एका सरळ ओळीत. नऊ. पात्याच्या मधल्या ओळीत नऊच भोकं असतात. डॉक्टर म्हणाले, उष्णता झाली आहे, सब्जा घ्या.
परत आले तर सर खुशीत. आपली पाती बसवून वीजकेंद्रातलं यंत्र दुपारी एकला सुरू झालं म्हणे. मी जेवायला बसले तेव्हा.

१६ मार्च, शुक्रवार
अकरा वाजता यंत्रावरचा भार वाढवला, असा वीजकेंद्रातून निरोप. अकरालाच ठिपक्यांचे फोड झाले. ओलं फडकं ठेवलं, क्षणात कोरडं. फडक्यातून वाफ येत होती. थॉमसकाकांनी पाहिलं. हातातलं पातं खाली ठेवून मागे सरकले.

१७ मार्च, शनिवार
काकांनी आज सांगितलं. माझ्याआधी इथे व्हॅलेरियन तपासनीस होते. त्यांनीही अशीच सही केली होती. भरदुपारी ओट्यावर खुर्चीत बसले होते. बायको, हेलनबाई, आतून सरबत घेऊन आल्या तर — अंग जळालेलं. सदरा तसाच, पांढरा. त्याच घटकेला तिकडे यंत्र फुटलं होतं. दोन माणसं गेली.
मी विचारलं, आधी का नाही सांगितलंत? काका रडायला लागले.

१९ मार्च, सोमवार
आज चारला पूर्ण भार. वीजकेंद्राला पात्यांचं खरं कळवा म्हणून सरांना विनवलं. त्यांनी टेबलावरचा फोन उचलून कपाटात ठेवला.

३:१० — रस्त्यापलीकडच्या एसटीडी बूथवर आहे. वीजकेंद्रातल्या इंजिनियरना सांगितलं. दंडाचं नाही, पात्यांचं. ते म्हणाले, लेखी द्या, सहीनिशी. त्याशिवाय थांबवता येत नाही.

३:३५ — लिहिलं. बोट टेकलं तिथे कागद तपकिरी. फॅक्स लागत नाही —

३:५२ — गेला. त्यांचा फोन आला. यंत्राजवळची माणसं बाहेर काढतायत. भार उतरवतायत, पण एकदम उतरत नाही. किती वेळ, विचारलं तर —

३:५८ — काका आलेत. बादलीनं पाणी ओततायत. पाणी अंगाला लागण्याआधीच वाफ —

माणसं बाहेर आली. सगळी. फोनवर पुन्हा विचारलं. सगळी. आता यंत्राच्या आत फक्त मी —