बाईंचा गॅस आणि माझं शास्त्र

२ मार्च
मानसोपचाराच्या कार्यशाळेहून परतलो. आजपासून दवाखान्यात फक्त पुराव्यावर आधारलेले उपचार. गप्पा, सल्ले, आपुलकी बंद. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आपुलकी होती कधी? तिला रिसर्च वाचायची सवय नाही.

३ मार्च
पहिली केस. निवृत्त मुख्याध्यापिका. गॅस बंद केला की नाही या शंकेने अर्ध्या जिन्यातून परत फिरतात. वर्षानुवर्षं गाव सोडलेलं नाही. महिनाअखेरीला मुलीचं बाळंतपण, परगावी. बाई म्हणाल्या, जायचंच आहे.
प्लॅन सोपा. गॅस एकदा बंद करायचा, कुलूप लावायचं, निघायचं. भीती आपोआप ओसरते. ‘बंद आहे हो’ असा दिलासा मात्र कुणीही द्यायचा नाही. त्याने आजार बळावतो.

६ मार्च, सकाळी
बाजारातून बाईंचा फोन. बंद असेल ना? मी नियम समजावला. त्या रडू लागल्या. बंद आहे म्हणालो. अपवाद.

९ मार्च
अपवाद सकाळ-दुपार चालू.

१२ मार्च
बाई म्हणाल्या, तुम्ही कुठे बघितलंय? मुद्दा शास्त्रीय होता. त्यांच्या घराची किल्ली घेतली. पुस्तकात घरभेटीवर अख्खं प्रकरण आहे. वाचायचं राहिलंय.

१९ मार्च
रोज घरभेट. बाईंच्या चिंतेचा स्कोअर नव्वदवरून पंधरावर! आलेख काढला. कॉन्फरन्सला पेपर पाठवणार. बायको म्हणाली, गॅस तुम्ही बघता, मग त्या बऱ्या कशा झाल्या? आलेख दाखवला. ती कपडे वाळत घालायला गेली.

२५ मार्च
बाई गेल्या! स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. हसत गाडीत चढल्या. माझे डोळे भरून आले. वीस वर्षांच्या प्रॅक्टिसचं चीज झालं.

२७ मार्च
घरभेट. शेगडीची बटणं बंद. रस्त्यावर आलो. बंदच होती ना? फॉलोअपसाठी परत वर.

२९ मार्च
फॉलोअप वाढवले. पेशंट ताटकळले. एक उठून गेला. त्याच्यात चिकाटी कमी.

३० मार्च
बाईंचा फोन. नात झाली. आवाज खणखणीत. गॅसचं विचारेनात, तेव्हा मीच सांगितलं, बंद आहे, काळजी नको. बाई म्हणाल्या, अहो डॉक्टर, सिलिंडर तर निघतानाच शेजारणीकडे ठेवून आले, सांगायचं राहिलं. मग हळूच म्हणाल्या, तुमचा आवाज बरा नाही वाटत, कुणाला तरी दाखवून घ्या.
सिलिंडरची जागा ओट्याखाली, पडद्याआड. मी बटणंच बघत होतो.
म्हणजे शंकेला जागाच नाही. बायको किल्ली मागतेय. देणार आहे.
आज फक्त एकदा जाऊन येतो.