जुन्या गॅसवर नवा गॅस

पप्पा, हल्ली गाडीत बसलं की एसी आपोआप चालू होतो. अशा वेळी मला तुमचा राग येतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी येतो.

मोरिवलीच्या कारखान्यात भाजल्यापासून तुमच्या पाठीला, छातीला घाम येत नसे. उन्हात अंग तापायचं आणि असाल तिथे मटकन खाली बसायचात. म्हणून तर ती जुनी गाडी घेतलीत, रंग उडालेली, पण एसी असलेली. अंबरनाथच्या आपल्या चाळीत सगळे तिला तुमचा फ्रीज म्हणायचे. माझं लग्न बदलापूरला, मे महिन्यात, भर दुपारी ठरलं, कारण हॉल त्याच वेळेला मिळाला. तुम्ही म्हणालात, काळजी कशाला, मी माझ्या फ्रीजमधून येतो.

आणि नेमका तेव्हाच एसी कोमट हवा फेकू लागला. आपण दोघं जवळच्या कॅम्प दोनमधल्या गॅरेजात, सिंधी मिस्त्रीकडे गेलो. मी स्टुलावर बसले आहे आणि तो बॉनेट उघडून सांगतो आहे की यातला जुना गॅस आता बनतच नाही. नवा घालायचा तर जुना सगळा काढायचा, कॉम्प्रेसरचं तेल बदलायचं, सील आणि पाइपसुद्धा. तुम्ही विचारता, आत थोडा उरलाय ना? तो म्हणतो, उरलाय. झालं. आयुष्यात तुम्ही साबणाचा झिजलेला तुकडा कधी टाकला नाहीत, नव्या वडीला चिकटवून वापरलात. उरलेला गॅस हवेत सोडणं तुमच्याने होणारच नव्हतं.

"अंकल, दोनों मिक्स नहीं होता. कंप्रेसर जाम हो जाएगा," तो म्हणाला.

"अरे, ठंडा करने का काम दोनों का एकच ना? डाल ऊपर से."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी काय बोलणार, तुमच्यापुढे आईचंही चालत नसे. गिऱ्हाइकाशी तरी त्याने किती हुज्जत घालावी? त्याने गॅस भरला. येताना हवा खरंच गार लागत होती आणि तुम्ही शीळ घालत होतात.

लग्नाच्या दिवशी मी आईबरोबर पुढे गेले. मामा तुम्हाला घेऊन निघाला. मी पांढरी साडी नेसून तयार, भन्तेजी आलेले, आणि मामाचा फोन आला. वाटेत कॉम्प्रेसर जाम झाला होता, एसीचा पट्टा जळाला होता, आत भट्टी पेटल्यासारखी झळ येत होती. तुम्ही डोळे मिटून घेतलेत आणि घरच जवळ होतं, म्हणून त्याने गाडी मागे वळवली. अंबरनाथ ते बदलापूर, किती ते अंतर. उघड्या रिक्षात तुम्हाला बसवणं शक्य नव्हतं आणि ऊन कुणाला थांबवता येत नव्हतं. आम्ही थांबलो. मग हॉलवाला घाई करू लागला आणि सगळे पंचशील म्हणायला उभे राहिले.

संध्याकाळी घरी आले तेव्हा तुम्ही मोरीत पाटावर बसला होतात, खांद्यांवर ओला टॉवेल. एवढंच विचारलंत, कसं झालं? मी म्हटलं, छान झालं.

हे पत्र पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं. मला माझ्या लग्नातलं काहीच आठवत नाही, पप्पा. मी सारखी दाराकडे बघत होते.