एका ओळीतली माणसं

चाचा, हे ऐकून तुम्ही आधी चष्मा कपाळावर ढकलला असता आणि मग पोटभर हसला असता. पुस्तकाच्या मागची सूची करणाऱ्या माणसांची आता एक संस्था झाली आहे. अगदी रीतसर, नियमावलीसकट. श्रीगोंद्याचे एक निवृत्त ग्रंथपाल अध्यक्ष, सचिव मी, आणि सगळे मिळून आम्ही अकरा जण. आपल्या जिल्ह्यात हे काम करणारी अकरा डोकी निघतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तुमच्या काळात तुम्ही एकटेच होतात, आणि तुम्ही नक्की काय करता ते तुमच्या घरच्यांनाही धड सांगता यायचं नाही. परवाच्या रविवारी आमची पहिली सभा नगरला झाली. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं. तुम्ही त्यावर वाद घातला नसता, दोन चिठ्ठ्या केल्या असत्या. एकीवर सगळे पानांचे आकडे, दुसरीवर नुसतं ‘नगर – पाहा अहिल्यानगर’. शोधणारा कुठल्याही नावाने आला तरी पोचला पाहिजे, हा तुमचा हट्ट.

नगरच्या आपल्या प्रेसची मागची खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. तुमच्या टेबलाखाली चुकलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा आहे. कुठे तिथी चुकलेली, कुठे मामाचं नाव राहिलेलं. मालक तो रद्दीत घालायला निघतात आणि तुम्ही मागून घेता. बाइंडिंगवाल्याकडून त्याचे तळहाताएवढे चौकोन कापून आणता. एका बाजूला कुणाचं तरी लग्न आणि कोऱ्या बाजूला आपली नोंद, नाव आणि पुढे पानं. मी प्रुफं वाचायला लागून वर्ष झालं होतं. तुम्ही मला समोरच्या खुर्चीत बसवलंत, खारीचा डबा पुढे सरकवलात आणि म्हणालात, “पुस्तक पुढून वाचनारे लई असत्यात, पोरी. तू मागून उघडनाऱ्याचा इचार कर.” मला तेव्हा त्यात एवढं काय ते कळलं नव्हतं. खारी मात्र चांगली होती.

मग ते विहिरींचं पुस्तक आलं. राहुरीकडच्या जुन्या विहिरी आणि बंधारे, कुणी खोदले, कुणी बांधले. पहिल्यांदाच अख्खी सूची तुम्ही माझ्यावर सोपवलीत. ती बारा पानं भरली आणि मालक म्हणाले, शेवटच्या फर्म्यात आठच पानं शिल्लक आहेत, बाकीची उडवा. काय उडवायचं ते तुम्ही माझ्यावरच सोडलंत. मी अर्ध्या तासात काम फत्ते केलं. पुस्तकात जी माणसं एकदाच आली होती, त्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या बाजूला काढल्या. मालकांनी शाबासकी दिली आणि मी दोन दिवस हवेत होते.

पुस्तक निघाल्यावर महिन्याभराने एका सकाळी देवळाली प्रवराहून एक म्हातारे शेतकरी आले. पिशवीतून पुस्तक काढून त्यांनी ते उपरण्याने पुसलं. “आमच्या बापाचं नाव हाय म्हनं ह्यात. पानाड्या हुता. कुठं पानी लागंल ते सांगायचा. लई हिरी दावल्या त्यानं.” तुम्ही नाव विचारलंत आणि मागची पानं उघडलीत. तुमचं बोट ओळीओळीने खाली येतंय आणि मी शेजारी उभी आहे. मला पान माहीत आहे, एकशे त्रेचाळीस. ती चिठ्ठी मीच लिहिली होती आणि मीच काढली होती. तुमचं बोट थांबलं. “न्हाई व्हय?” म्हातारे म्हणाले आणि पुस्तक पिशवीत घालायला लागले. त्यांना त्याचं काही नवल वाटलं नाही, आणि तेच मला सहन झालं नाही. तरी मी तोंड उघडलं नाही.

तुम्ही त्यांना बसवलंत, चहा मागवलात आणि पहिल्या पानापासून वाचायला लागलात. दुपारी नाव सापडलं. ती एक ओळ त्यांनी तुमच्याकडून तीनदा वाचून घेतली. तुम्ही हात जोडून म्हणालात, “बाबा, चूक माझी हाय.” ते गेल्यावर मला विचारलंत, “चिठ्ठी केली न्हवती का?” मी म्हणाले, “नजरेतून सुटली असेल, चाचा.” तुम्ही लगेच विश्वास ठेवलात. “सुटती कवा कवा. पन त्यो मानूस पुस्तक वाचनार न्हवता. त्याच्यासाठी मागचीच पानं हुती.” एवढंच बोललात. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बाजूला काढलेल्या गठ्ठ्यातून ती चिठ्ठी मी त्याच संध्याकाळी उचलली. आजही ती माझ्या पर्समध्ये असते.

परवाच्या सभेत नेमका हाच विषय निघाला. नियमावलीच्या मसुद्यात मी लिहिलं होतं, ‘एकदाच उल्लेख आलेल्या व्यक्तींचीही नोंद शक्यतो घ्यावी.’ आमच्यातली सगळ्यात तरुण मुलगी देवळाली प्रवराचीच, लॅपटॉपवर झरझर काम करते. ती म्हणाली, “मॅडम, प्रकाशक मुळात पानंच देत नाही. त्यात ही एका ओळीतली माणसं कशाला? ज्याला हवं तो मोबाईलवर शोधेल.” बाकीच्यांनीही माना डोलावल्या. नियम पडणार हे मला दिसत होतं. तो पडला असता तर मी पुन्हा एकदा तीच चिठ्ठी काढली असती, आणि या वेळी अकरा जणांच्या सहीने. मग मी सगळं सांगून टाकलं. पाणाड्या, त्याचा मुलगा, तुमचे जोडलेले हात, माझं खोटं. इतक्या वर्षांत नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. पर्समधली चिठ्ठी टेबलावर ठेवली. त्या मुलीने ती उचलली, मागची लग्नपत्रिका वाचली, पुढचं नाव वाचलं. मग माझ्यासमोरचा मसुदा ओढून घेत म्हणाली, “तर मग यात ‘शक्यतो’ कशाला ठेवलाय?” आणि तिने स्वतःच्या हाताने तो शब्द खोडला. नियम एकमताने झाला. चाचा, मला भर सभेत रडू आलं. बरं वाटलं.

आता नियमावलीची बत्तीस पानी पुस्तिका छापतोय. तिलाही सूची जोडायची असं अध्यक्षांनी फर्मावलंय, नाहीतर लोक हसतील. तिसऱ्या पानावर मी एक ओळ घातली आहे, की हा नियम नगरच्या एका प्रेसमधल्या चाचांमुळे आला. म्हणजे आमच्याच नियमाप्रमाणे तुमची नोंद करणं आलं. काल दुपारी चिठ्ठी पुढे घेतली, पेन उघडलं आणि तशीच बसून राहिले. प्रेसमध्ये मालकांपासून पोस्टमनपर्यंत सगळे तुम्हाला चाचाच म्हणायचे. तुम्ही गेलात त्या दिवशी दाराजवळच्या फळ्यावरही ‘चाचा गेले, आज काम बंद’ एवढंच लिहिलं होतं. दहा वर्षं तुमच्यासमोर बसून मी हजारो माणसांची नावं आडनावांसकट लावली, तुमचं नाव कधी विचारलं नाही. हे पत्रही पाकिटात घातलं, तर वर लिहायला माझ्याकडे नाव नाही.

तुमची मुलगी श्रीरामपूरला असते, तिचा पत्ता मिळालाय. उद्या सकाळच्या एसटीने जाते आहे. चिठ्ठीवर पानाचा आकडा टाकून ठेवलाय, त्याच्या आधी नावापुरती जागा सोडली आहे. समोर बसला होतात तेव्हाच विचारायला हवं होतं, चाचा.