वीस वर्षांचे तिघेच

कॅनोरा, सास्काचेवान
५ सप्टेंबर १९९३

चि. सौ. लेस्यास,
तुझ्या दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. नॉर्मांरावांची पाठ सुधारली हे वाचून बरं वाटलं. टीमची बस चालवणारा माणूसच आडवा झाला तर तुमच्या पोरांनी मॅचला जायचं कसं? आमच्याकडची पोरं एका मॅचसाठी रात्रभर बसमध्ये बसतात, उतरून बर्फावर जातात, समोरच्याला कठड्यावर आपटतात, आणि सुजलेली तोंडं घेऊन परत बसमध्ये बसतात. याला म्हणतात ज्युनियर हॉकी. तुमच्या क्वेबेकच्या लीगमध्ये अमक्याने इतके गोल केले, तमक्याने तितके केले, असं तू मोठ्या तोऱ्यात लिहितेस. अगं, होणारच! धक्का द्यायला कोणी पुढे येत नाही, आणि गोलकीपर गुडघ्यांवर बसून प्रार्थना करतात. माझा हिशेब तुला पाठ आहे. आमचे दोन गोल म्हणजे तुमचे तीन. हे नॉर्मांरावांना मोठ्याने वाचून दाखव आणि त्यांचं तोंड कसं झालं ते कळव.

आता चेष्टा बाजूला. आमच्या मायरॉनला एप्रिलमध्ये वीस पूर्ण झाली. टीममध्ये वीस वर्षांचे तिघेच ठेवायचे, हा नियम तुमच्याकडेही आहे, तेव्हा तुला वेगळं सांगायला नको. टीमकडे सध्या असे पाच जण आहेत आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यातल्या दोघांना घरी पाठवतील. पोरगं सोळाव्या वर्षी घराबाहेर पडलं, लोकांच्या घरी राहिलं, शाळा अशीच ओढत नेली. हे शेवटचं वर्ष मिळालं तर कोणीतरी मोठ्या संघाचा माणूस त्याला बघेल. नाही मिळालं तर वीस वर्षांच्या मुलाकडे पुन्हा कोणी वळूनही बघत नाही. व्हेरा रोज चर्चमध्ये मेणबत्ती लावून येते. मी धान्याच्या कोठारात वजनं करताना चुका करायला लागलोय.

तुझ्या घरी राहणाऱ्या यानिकचं कसं चाललंय? त्याला म्हणावं, कॅनोराचा म्हातारा अजून तुझ्या लीगला नावं ठेवतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा,
ओरेस्त

लाक-ओ-ब्रोशे, क्वेबेक
१९ सप्टेंबर १९९३

तीर्थरूप दादास,
लेस्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

नॉर्मांचं तोंड बघायचं होतं ना तुला? तो इतका हसला की पाठीत पुन्हा चमक भरली. तुझी पोरं एकमेकांना आपटतात कारण त्यांना स्केटिंग येत नाही, असं त्याने कळवायला सांगितलं आहे. लहानपणी तळ्यावर तू मलाच आपटायचास आणि मी पळून गोल करायचे, हे त्याला मी मुद्दाम सांगितलं.

यानिकला तुझा निरोप दिला. तो म्हणाला, म्हाताऱ्याला इकडे पाठवा, मी त्याला पकडू देणार नाही. चार वर्षं झाली रे त्याला आमच्याकडे. आला तेव्हा अंडं उकडता येत नव्हतं, आता रविवारी आमच्यासाठी मटण भरलेली मीट-पाय भाजतो. त्याच्या वडिलांची गास्पेला होडी आहे, पण कॉड मासा धरायला सरकारने बंदी घातली आणि होडी धक्क्याला बांधून पडली आहे. सुटीत घरी जायलाही तो नाखूष असतो. घरी सगळे नुसते एकमेकांकडे बघत बसतात म्हणे. तोही वीसचाच. पण त्याची जागा पक्की आहे. एक बचावाचा खेळाडू, दुसरा यानिक, आणि तिसरा बेर्निए अमेरिकेत मोठ्या संघाच्या शिबिराला गेलाय, तो काही परत येत नाही असं सगळे धरून चालले आहेत.

एक गंमत झाली. तुझं पत्र मी वाचत होते तेव्हा कोच जेवायला होते. सगळे हसले, पण ते हसले नाहीत. मायरॉनने गेल्या वर्षी किती गोल केले ते विचारलं, आणि कागदी रुमालावर तुझ्या हिशेबाने त्याचे इकडचे गोल काढले. मग रुमाल घडी करून खिशात ठेवला. तुला सांगितल्याशिवाय राहवेना म्हणून लिहिलं.

व्हेरावहिनीला सांग, मीही इथे एक मेणबत्ती लावते आहे.

आहे तशीच माया ठेव.
तुझी,
लेस्या

कॅनोरा
७ ऑक्टोबर १९९३

चि. सौ. लेस्यास,
आशीर्वाद.

मायरॉनला काढलं. काल दुपारी बसने आला. सामानाची मोठी पिशवी गॅरेजमध्ये टाकली आणि तिच्यावरच बसून राहिला. व्हेराने बटाट्याच्या पिरोही तळून नेल्या तर नुसत्या हातात धरल्या. कोणाला ठेवलं असं मी विचारलं, तेवढं नाव त्याने सांगितलं. त्या पोराचा बाप टीमला दरवर्षी नवा बोर्ड फुकट रंगवून देतो, एवढं मला माहीत आहे, पण तेच कारण असेल असं मी म्हणत नाही. मायरॉन चांगला खेळतो, लेस्या. मी बाप म्हणून म्हणत नाही. नाही, बाप म्हणूनच म्हणतो, दुसरं कोण म्हणणार?

तू लिहिलंस की तुमचा बेर्निए परत येत नाही. म्हणजे तिसरी जागा मोकळी आहे. तुमच्या कोचच्या खिशात तो रुमाल अजून असेल तर त्याला सांग, की पश्चिमेच्या लीगमध्ये मार खाऊन तयार झालेला पोरगा घरी बसला आहे, आजच्या आज निघायला तयार आहे. माझा हिशेब पुन्हा एकदा समजावून सांग. तुला वाटतं तसा मी उगीच बढाया मारत नाही. आणि मारत असलो तरी या वेळी माझ्या बाजूने बोल.

गावातल्या कॅफेत लोक मला काही विचारत नाहीत. ते विचारत नाहीत याचाच जास्त त्रास होतो.

दादाला विसरू नकोस.
ओरेस्त

लाक-ओ-ब्रोशे
१६ ऑक्टोबर १९९३

तीर्थरूप दादास,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तू रडत होतास आणि मी पण, म्हणून काहीच धड बोलणं झालं नाही. आता सावकाश लिहिते. कोचशी मी तुझ्या बाजूने बोलले, आणि मायरॉन सुखरूप पोचला. कोचने क्लबच्या मालकांसमोर छातीठोकपणे सांगितलंय की पश्चिमेचा माणूस आणतोय, बघा आता. त्यांनी स्वतः मला हे सांगितलं, आणि माझा हात हातात घेतला.

यानिकने आपल्या खोलीतलं अर्धं कपाट रिकामं करून ठेवलं होतं. स्टेशनवरही तोच आणायला गेला. तुझ्या पोराला फ्रेंच येत नाही, त्याला इंग्लिश बेताची, पण दोघं रात्रभर खिदळत होते. यानिकने त्याला आधी इकडच्या शिव्या शिकवल्या. इकडच्या शिव्या म्हणजे सगळी चर्चमधल्या भांड्याकुंड्यांची नावं. सकाळी मायरॉनने नाश्त्याला त्यातली एक घातली आणि नॉर्मांच्या हातून कॉफी सांडली. वहिनीला हे सांगू नकोस.

दोन पोरं घरात आणि दोघांनाही खेळायला मिळतंय. दादा, मला फार बरं वाटतंय. बिचाऱ्या वहिनीला म्हणावं, आता झोप नीट.

तुमचा लोभ हेच माझं माहेर.
लेस्या

लाक-ओ-ब्रोशे
६ नोव्हेंबर १९९३

ती. बाबांस,
नमस्कार. आईलाही नमस्कार.

फोनवर आत्या जवळ असते, म्हणून लिहितो आहे.

बाबा, इथली लीग तुम्ही म्हणता तशी नाही. इथे धक्के कमी बसतात हे खरं. पण त्याचं कारण असं की मी धक्का द्यायला पोचतो तेव्हा समोरचा निघून गेलेला असतो. चकती माझ्याकडे येते आणि मी मान वर करेपर्यंत दुसऱ्याने ती नेलेली असते. आपल्याकडे मी जोरात मारायचो आणि गोलकीपरच्या पायातून आत जायची. इथले गोलकीपर गुडघ्यांवर बसतात ते प्रार्थनेसाठी नाही. पाय दोन्ही बाजूंना पसरतात, खालचं सगळं बंद होतं. मी अजून एकही गोल केलेला नाही. मी आपल्याकडे चांगला होतो की आपल्याकडे कोणी भराभर पळतच नव्हतं, तेही मला आता कळेनासं झालं आहे.

दुसरं सांगायचं ते हे. बेर्निए परत आला. अमेरिकेतल्या संघाने त्याला शिबिर संपल्यावर काही दिवस ठेवलं आणि मग सोडून दिलं. म्हणजे आम्ही वीसचे चार झालो. सगळ्यांना वाटलं मला काढणार. मलाही वाटलं, आणि खरं सांगू का, मला थोडं हायसं वाटलं. पण कोचने यानिकला काढलं. मला त्यांनी देशाच्या दुसऱ्या टोकाहून आणलं, मालकांना मोठा शब्द दिला, आता तीन आठवड्यांत परत पाठवलं तर त्यांचं हसं होतं. सगळी पोरं हेच बोलत होती, फ्रेंचमध्ये, पण मला कळलं.

मी कोचकडे गेलो. मला काढा, त्याला ठेवा, असं म्हणालो. ते म्हणाले, तुझ्या वडिलांचा हिशेब चुकीचा असेल तर तू जानेवारीपर्यंत मला दाखवशील, आणि बरोबर असेल तरी दाखवशील. मग त्यांनी दार लावून घेतलं.

यानिक माझ्याशी चांगलाच वागला. जाताना आपली उशी मला ठेवून गेला, कारण माझी फार पातळ आहे म्हणे. आत्याने त्याला बसमध्ये खायला बांधून दिलं आणि आत जाऊन पाण्याचा नळ सोडून बसली, आवाज येऊ नये म्हणून.

मी घरी येऊ का? तुम्ही हो म्हणालात तर येतो.

तुमचा,
मायरॉन

कॅनोरा
१७ नोव्हेंबर १९९३

चि. सौ. लेस्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, मायरॉनचं आलं. तू लिहीत नाहीस ते का, हे मला समजतं. त्या पोराचं मला वाईट वाटतं. चार वर्षं तुझ्या हाताचं जेवलेला मुलगा, तुझ्या पोटचाच म्हणायचा. पण मायरॉन माझा मुलगा आहे आणि जागा एकच होती, तेव्हा मी खोटं कशाला बोलू? ती माझ्या मुलाला मिळाली याचा मला आनंद झाला. तुला राग आला तर येऊ दे.

मी त्याला कळवलंय, घरी यायचं नाही. जम बसायला वेळ लागतो. तुमचा कोच त्याला मोकळ्या बर्फावर खेळवतो, ते चूक आहे. त्याला कोपऱ्यात, कठड्याजवळ खेळवायला हवं. हे नॉर्मांरावांनी कोचच्या कानावर घालावं. बसमध्ये कोच त्यांच्या मागेच बसतो ना? आपली लीग वाईट असती तर इतकी पोरं इथून वर गेली असती का? मला एवढं कोणीतरी सांगावं.

उत्तर दे. रागाचं असलं तरी चालेल.
ओरेस्त

लाक-ओ-ब्रोशे
९ जानेवारी १९९४

तीर्थरूप दादास,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा मायरॉन घरी येऊन चार-सहा दिवस झाले असतील. फोन वहिनीने घेतला म्हणून तुझ्याशी बोलणं झालं नाही, की तूच घेतला नाहीस, ते मला माहीत नाही.

आपल्या जुन्या कॅलेंडरच्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी, सहा तारखेला, त्याला काढलं. मी नाताळची गव्हाची खीर, आपली कुत्या, शिजवली होती, आईसारखी खसखस वाटून. ताटं मांडली होती. तो रिंकवरून आला, हात धुतले, जेवायला बसला, सगळं खाल्लं, वाटी पुन्हा पुढे केली. मग सांगितलं. कोच वाईट वागले नाहीत म्हणाला. त्याला शेवटच्या मॅचना बाकावरूनही उठवत नव्हते, तेव्हा त्याला ते आधीच दिसत होतं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की त्याला अजिबात धक्का बसला नाही. विसाव्या वर्षी माणूस इतका शांत असू नये.

दादा, त्याला काही विचारू नकोस. कोपऱ्यात खेळवलं असतं तर, असं म्हणू नकोस. टीव्हीवर मॅच असली तर बंद कर. तो तुझ्यावर रागावलेला नाही, मी विचारलं. माझे बाबा माझ्या बाजूने भांडत होते, एवढंच म्हणाला.

यानिक मॉन्ट्रियलला कुठल्या गोदामात लागला आहे असं त्याच्या बहिणीकडून कळलं. मी दोन पत्रं टाकली. त्याने नाताळचं कार्ड पाठवलं, त्यात नॉर्मांचं नाव आहे, माझं नाही. कोचला त्या रुमालाची आठवण कोणी करून दिली, ते त्याला माहीत आहे. मी पुन्हा लिहिणार आहे, पण तो उत्तर देईल असं मला वाटत नाही.

मायरॉनची जागा रिकामी राहिली नाही. ऑन्टारियोच्या लीगमधून एक मुलगा येतोय, तोही वीसचा. क्लबने त्याला आमच्याकडेच ठेवा म्हणून सांगितलं. मी नाही म्हणाले. मग नॉर्मां म्हणाला की टीमची बस माझ्याकडे राहायची असेल तर हो म्हणावं लागेल. मी हो म्हणाले. चादरी बदलल्या. यानिकची उशी मायरॉनने नेली नाही, ती त्यालाच घातली.

काल त्या मुलाच्या आईचा फोन आला. काय खातो, कशाची ॲलर्जी आहे, सगळं सांगून झालं तरी तिला फोन ठेववेना. मग तिने हळूच विचारलं, तुमच्याकडची लीग आमच्यापेक्षा थोडी सोपी आहे ना? त्याचे वडील म्हणतात, आमचे चार गोल म्हणजे तुमचे सहा. हे त्याचं शेवटचं वर्ष आहे हो, म्हणाली. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. दादा, मी तिला म्हणाले, हो, सोपी आहे, त्याचं इथे छान होईल. ती रडायला लागली, आनंदाने, आणि कितीतरी वेळ माझे आभार मानत राहिली.

तुझा राग असो वा नसो, पत्र पाठवीत जा.
लेस्या