शुक्रवारची मासळी

फादर, आपल्या शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. महोत्सवाची स्मरणिका निघते आहे. माझा एक वर्गमित्र आता इथेच डॉक्टर आहे आणि समितीतही आहे. त्याला वाटलं, रोज डायरी लिहिणारा माणूस हे सहज लिहील. बाकीचं झालंही. चर्चमागच्या कौलारू पडवीत ख्रिस्ती घरांतल्या मोजक्या मुलांसाठी सुरू झालेली शाळा, मग चिऱ्याची इमारत, मग इंग्रजीच्या ओढीने आलेली आम्ही हिंदू-मुसलमान मुलं, बाक पुरेनात इतकी. राहिलंय ते तुमचं पान. तुम्ही आमचे मुख्याध्यापक. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि ते एक पान काही पुरं होत नव्हतं.

शुक्रवारी तुम्हाला मटण-कोंबडी वर्ज्य. त्या दिवशी तुमच्याकडे मासळी लागायची आणि ती माझी आई द्यायची. ती बंदरावर लिलावात मासळी घेऊन दारोदार विकायची. तिला पुढची घरं गाठायची असत, म्हणून तुमची पिशवी शाळेत येताना मी आणायचो. अजून दिसतं. मी युनिफॉर्ममध्ये तुमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर उभा आहे. तुम्ही स्वतः येता, सुरमईचा कल्ला बोटाने उचलता, आत लाल आहे का बघता. 'ताजी आहे,' म्हणता. मग आत मोरीवर जाऊन साबणाने हात धुता, पार कोपरापर्यंत. मी पायरीवरच. तेवढ्यात घंटा होते.

नखं आणि हात तपासायचा वारही शुक्रवारच. प्रार्थनेनंतर तुम्ही रांगांमधून फिरता. माझे हात हुंगता आणि मागे सरता. 'आज काय आणलंस बाबा, बांगडा की सुरमई? बॉइज, मार्केट भरलं!' सगळी रांग हसते. 'जा, नळावर जा. असा वर्गात बसायचं नाय.' नळ मैदानापलीकडे. पहिला तास तुमचाच, आणि उशिरा आलेल्याने दाराबाहेर उभं राहायचं, हा तुमचाच नियम. शुक्रवारचं इंग्रजी मी दाराबाहेर उभा राहून शिकलो. दुपारी तीच सुरमई तुमच्या ताटात असायची.

मी तुमच्या बाजूनेही विचार करून बघतो. थट्टा तुम्ही सगळ्यांचीच करायचात. आंब्याच्या बागायतदाराच्या मुलाला 'हापूस' म्हणायचात. पण त्याला कधी बाहेर उभं केलं नाहीत. पिशवी देऊन मी धावत नळावर जाऊ शकलो असतो, हेही खरं. का गेलो नाही? घंटेचं कारण पुरेसं नाही. 'ये आत, हात धू,' असं तुम्ही म्हणाल, म्हणून मी दर शुक्रवारी पायरीवर थांबायचो.

नाताळात तुम्ही सगळ्या मुलांना केक दिलात. मला केक आणि वर साबणाची वडी, सर्वांसमोर. आईने ती वापरलीच नाही. 'फादरान दिलान,' म्हणून साड्यांमध्ये ठेवली. वास छान येतो म्हणायची.

परवा तिला विचारलं, फादरांबद्दल काय लिहू?

'लिव, देवमाणूस व्हता. माज्याशी कदी भाव केलान नाय. तुला शालंत घेतलान.'

मग मी तिला ते हात हुंगणं, तो नळ, ते दाराबाहेर उभं राहणं सांगितलं. पहिल्यांदाच.

'मेल्या, मग सांगायचास ना. मीच नेऊन दिली असती पिशवी.' थोड्या वेळाने हळूच म्हणाली, 'ता लिवू नको हां. लोक म्हणतील, आवशीच्या मासलीपायी पोराची शोभा झाली.'

तुमची लाज तिने अशी स्वतःच्या पदरात घेतली, फादर. याची माफी तुम्ही जिवंत असतात तरी मी दिली नसती.

काल पान देऊन आलो. 'शिस्त आणि स्वच्छता यांबाबत फादर अत्यंत काटेकोर होते. विद्यार्थ्यांचे हात ते स्वतः तपासत.' डॉक्टर वाचून खूश झाला. 'अरे, ते मार्केट भरलं, तेही टाक की! लोक हसतील.' तोही तेव्हा त्या रांगेतच होता. मी म्हटलं, जागा नाही.

हे पत्र तुमच्या कबरीवर ठेवावं असंही मला वाटत नाही. ते डायरीतच राहील. त्याच डायरीत काल मी लिहिलं, आईसाठी खरं गाळलं. ते अर्धंच खरं आहे. इतिहासाखाली लेखक म्हणून माझं नाव येणार आहे, आणि तुमच्या शाळेच्या पुस्तकात ते छापून यावं असं मला वाटतं. अजूनही.